मुराळ्याची चाकं

अण्णा मगदूम लग्नात अक्षता टाकायला जातात आणि स्टेजच्या खाली सापडतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. कोल्हापुरात अण्णांच्या चाकदुरुस्तीच्या शेडवर कामाला लागून मला थोडेच दिवस झाले होते आणि तिथल्या एका कामगाराच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. मंगलाष्टकं शेवटाला आली, लोकांनी अक्षतांची मूठ वर उचलली, बँडवाल्यानं गाल फुगवले, आणि नेमकं त्या शांततेत नवरीच्या पायाखालून आवाज आला, "ढिल्लं हाय!"

नवरी किंचाळली. नवरदेव एका उडीत आंतरपाटाच्या पलीकडून अलीकडे आला. भटजींचं 'सावधान' घशातच राहिलं. स्टेजच्या झालरीतून आधी एक पाना बाहेर आला, मग पांढरी टोपी, मग अण्णा.

"चालू द्या, चालू द्या," गुडघे झटकत ते म्हणाले. "दोन नट सुटलतं. आवळल्यात. आता संसाराला धोका न्हाय."

बाप्पा! मला वाटलं, आता मारामारी होणार, पोलीस येणार, आणि माझं काम जाणार. मी मनातल्या मनात बोचकंसुद्धा बांधलं. पण मुलीचा मामा पुढं आला, अण्णांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाला, "अण्णा, जेवणाच्या मांडवाकडं पण एक फेरी मारा. तिथं खुर्च्या डुगडुगत्यात."

मी भंडाऱ्याकडची. भंडारा म्हटलं की इकडच्या लोकांना जत्रेत उधळायची हळद आठवते, म्हणून त्यांनी माझं गाव परस्पर नागपूर करून टाकलं. अण्णा तर मला नावानं हाक मारतच नाहीत. "ए नागपूर, च्या ठेव." "नागपूर, जरा पकड आण." आठवीतून माझी शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागं मागं मी महाराष्ट्राच्या या पार दुसऱ्या टोकाला आले. तो फाउंड्रीत भट्टीवर काम करायचा. एक दिवस त्याच्या पायावर तापलेलं लोखंड सांडलं आणि तो खाटेला खिळला. तेव्हा मी उद्यमनगरात शेडोशेड हिंडून काम मागत होते. कुणी शिक्षण विचारलं, कुणी ओळख विचारली. अण्णांनी माझ्या पायांकडं बघितलं.

"चपलेचा अंगठा ढिल्ला हाय. काढ."

मी घाबरून चप्पल काढली. त्यांनी अंगठ्याला तिथंच बारका रिव्हेट मारला, चप्पल माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "उद्यापास्नं ये." ती चप्पल अजून माझ्या पायात आहे. तळवा झिजून पार गेला, अंगठा हलायला तयार नाही.

अण्णांच्या शेडमध्ये ट्रॉलीची, ट्रकची चाकं दुरुस्त होतात. पण त्यांचा खरा धंदा म्हणजे जगातलं जे जे खुळखुळतं ते आवळणं. शर्टाच्या खिशात पेन असतं तसा त्यांच्या विजारीच्या खिशात पाना असतो. वस्तू दिसली की आधी पान्यानं टकटक करायची, कान लावायचा आणि मग निकाल द्यायचा. मिसळीच्या हॉटेलात टेबल. देवळात घंटेची कडी. दातांच्या दवाखान्यात तर डॉक्टर त्यांना 'आ करा' म्हणत होते आणि हे खुर्चीच्या खाली हात घालून म्हणाले, "डॉक्टर, दात ऱ्हाऊ दे, तुमची खुर्ची पडंल."

माझ्या जेवणाच्या डब्याची कडी वाजते म्हणून त्यांनी ती काढून दोन्ही बाजूंना पंखाचे नट बसवले. पुढं नवरा कामावर परत जायला लागला तेव्हा मी तो डबा त्याला दिला. संध्याकाळी तो भुकेनं काळानिळा होऊन आला. फाउंड्रीत तापलेलं लोखंड ओतणाऱ्या माणसांना तो डबा उघडला नव्हता.

शेडच्या मागंच अण्णांचं घर आहे. काकी, म्हणजे अण्णांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. समोरच्या भिंतीवर काकींचा फोटो आहे. लोक फोटो खिळ्याला अडकवतात. अण्णांनी तो चारी कोपऱ्यांत बोल्ट मारून बसवलाय. हार मागं सरकवायलाही फट नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं.

तर या आषाढात मी एका सकाळी शेडवर आले आणि दारातच थबकले. अण्णांची एक जुनी हिरवी पिकअप आहे, चारी चाकांना जोर असणारी. 'म्हातारी' म्हणतात ते तिला. ती लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तिची चाकं जमिनीवर आडवी, टायर उतरवलेले, आणि अण्णा ग्राइंडर घेऊन एका चाकाची कड घासत होते. ठिणग्यांचा पाऊस. ती चाकं कंपनीची, मूळची, एक पोचा नसलेली. मला वाटलं, माणूस हातचा गेला.

"अण्णा, चांगली चाकं काऊन कापता जी?"

"कापत न्हाय. कुलूप घालतोय."

चाकाला कुलूप! मी तिथंच पिंपावर बसले.

मग त्यांनी मला समजावलं ते असं. टायर रिमवर बसतो तो हवेच्या जोरावर. पण चिखलात गच्च हवेचं चाक रुतत जातं. हवा काढली की टायर हत्तीच्या पावलागत पसरतो आणि गाडी चिखलाच्या वरून चालते. मात्र हवाच काढली, तर टायरला रिमवर धरणार कोण? एक गचका बसला की तो रिम सोडून मोकळा. म्हणून रिमच्या बाहेरच्या कडेला लोखंडी रिंग वेल्ड करायची, टायरचा काठ तिच्यावर ठेवायचा, वरून दुसरी रिंग टाकायची आणि दोन्हींच्या मधे तो काठ गोल बोल्ट मारून आवळायचा. याला बीडलॉक म्हणतात. अण्णा म्हणाले, "हवा जाऊ दे की. टायर जात न्हाय."

"पण मग भंगारातली चाकं घ्यायची ना जी."

"गंजक्याला वेल्डिंग धरत न्हाय. भंगारातली हायवेला लावू. कुलपाची चाकं हमरस्त्यावर पळवायची नसत्यात."

बातमी फुटली. शहरात रविवारी जीपगाड्या चिखलात घालणारी पोरं आहेत, ती आली. गुडघ्याएवढे टायर, डोळ्यांवर काळे चष्मे. त्यातला एक रिंगेवर बोट फिरवत म्हणाला, "काका, एक नंबर! कुठल्या स्पर्धेला उतरताय?"

"पंचमीच्या."

"ही कुठली नवीन?"

"आक्काला आणाय चाललोय. मुराळी म्हणून."

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मीही बघत होते, कारण मलाही मुराळी म्हणजे काय ते इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. इकडं नागपंचमीला लेकी माहेरी येतात. पण आपल्या आपण नाही यायचं. माहेरचं माणूस जाऊन मानानं घेऊन येतं. तो मुराळी. अण्णांची थोरली बहीण चंदगडच्या डोंगरात एका वाडीवर दिलेली. आता पंच्याहत्तरीच्या पुढं असेल. तिचा नवरा गेला, मुलगा गोव्याला कामाला, गुडघे गेलेले. तरी अण्णा दर पंचमीला जातात.

"एस्टीनं येत नाहीत का त्या?" पोरानं विचारलं.

"एस्टी काय तुझ्या सासऱ्याची हाय व्हय, दारात जायला?"

"आम्हाला पण करून द्या की काका अशी चाकं. चिखलात टायर लई सुटतात."

"तुमचा चिखल विकतचा," अण्णा म्हणाले. "टँकरनं पाणी सोडून चिखल करता, आणि त्यात रुताय पैसं भरता. आक्काच्या वाटंवर या. चार म्हैनं फुकट."

हे सगळं कशासाठी चाललंय ते मला माहीत होतं, कारण गेल्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी म्हातारी परत आली तेव्हा मी शेडवरच होते. अण्णांनी चिखलात हवा कमी केली होती आणि वाडी दिसायला लागल्यावर, एका जांभळीच्या बुंध्यापाशी, टायरनं रिम सोडली. अण्णा तसेच चालत वाडीवर गेले. आक्का पिशवी बांधून उंबऱ्यावर बसलेली. चार गडी म्हणाले, खुर्चीत बसवून खांद्यावरून गाडीपर्यंत नेतो. आक्का म्हणाली, "जित्तेपणी मढ्यागत जायाची न्हाई." झालं. बाजूची सीट मोकळी घेऊन अण्णा परत आले. समोरच्या पानपट्टीवाल्यानं ओरडून विचारलं, "काय अण्णा, मुराळी मोकळाच?" इकडं मुराळी मोकळा परतणं फार वाईट समजतात. त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी कशालाच पाना लावला नाही. कारखान्याचा गेट करकरत होता, चहाच्या टपरीचं बाकडं डुलत होतं, आणि सगळं उद्यमनगर हबकून त्यांच्याकडं बघत होतं.

म्हणून यंदा कुलूप.

पहिलं चाक शेडवरच्या बाबू वेल्डरनं केलं. मन लावून केलं. एका दमात, गोल, सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळू नये असं. थंड झाल्यावर सपाट पत्र्यावर ठेवलं तर चाक भाजलेल्या पापडागत एका बाजूनं उचललेलं. मी कानांवर हात ठेवले, कारण आता अण्णा ओरडणार. अण्णा ओरडले नाहीत. ते उकिडवे बसले आणि त्या वाकड्या चाकावर हात फिरवत म्हणाले, "घाई केली की लोखंड रुसतंय, बाबू." हे तर मला ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

मग स्टेपनीचं चाक कामाला काढलं आणि वेल्डिंगला अण्णा स्वतः बसले. बोटभर टाका घालायचा आणि थांबायचं. तो निवला की अगदी समोरच्या बाजूला दुसरा. निवेपर्यंत चहा. मी आयुष्यात एवढा चहा उकळला नव्हता. पुढं पुढं बाबू, 'चाक किती झालं' असं न विचारता 'साखर किती उरली' असं विचारायला लागला.

बोल्ट आवळायचं काम माझ्याकडं होतं. पहिला बोल्ट मी जीव खाऊन आवळला तर अण्णा धावत आले.

"ए नागपूर! एकाच्याच ताटात सगळं जेवण वाढतीस व्हय? पंगत हाय ही. सगळ्यांस्नी थोडं थोडं. ह्याला वाढलं की समोरच्याला. मग परत फिरायचं."

तसं वाढत गेले. शेवटी हवा भरून साबणाचं पाणी फिरवलं. एका चाकाच्या वेल्डिंगपाशी मोहरीएवढा बुडबुडा आला. मी तो बघितला, अण्णांनी बघितला. पंचमी तोंडावर आलेली. पंचमीला इकडं चिरत नाहीत, कापत नाहीत, तळत नाहीत. अण्णांच्या शेडमध्ये तर त्या दिवशी ड्रिलसुद्धा फिरत नाही. मी म्हटलं, "बारीकच आहे जी." अण्णांनी टायर परत उतरवला.

आदल्या दिवशी मी सोबत गेले. "बाईमाणूस संगं पायजे," अण्णा म्हणाले, "आक्काला वर चढवायची हाय." मी मान हलवली. आमच्याकडं झाडीतल्या वाटा माहीत आहेत मला, डोंगरातल्या नाहीत. निघताना नवऱ्याला रेशनकार्ड कुठं ठेवलंय ते सांगून ठेवलं.

कागल गेलं, गडहिंग्लज गेलं. वाटेत अण्णांनी गरम वडापाव खायला घातला. चंदगडच्या पुढं पाऊस असा, की काचेवरचा वायपर नुसता नमस्कार करत होता. डांबर जिथं संपतं आणि एस्टी वळून परत जाते तिथं आम्ही उतरलो. भंगारातली चाकं काढली, कुलपाची लावली. मग अण्णांनी चारी चाकांची हवा सोडली. फुस्स करत म्हातारी खाली बसली. एस्टीच्या खिडकीतून कंडक्टर अर्धा बाहेर आला.

"ओ पावणं! चारी पंक्चर!"

"चारी मुद्दाम!" अण्णा ओरडले.

कंडक्टरचं डोकं आत गेलं ते परत बाहेर आलं नाही.

पुढची वाट म्हणजे लाल चिखलाचा ओढाच होता. गाडी डावीकडं कलली की मी रामाचं नाव घ्यायची, उजवीकडं कलली की गावच्या देवीचं. अण्णा स्टिअरिंगला छाती लावून बसलेले. जांभळीचा बुंधा आला तेव्हा त्यांनी टोपी घट्ट दाबली. चाक बुंध्याला घासलं, मोठा गचका बसला. म्हातारी एकदा हुंकारली आणि वर निघाली.

वाडीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली, भर पावसात उतरले आणि चारी चाकांचा एकूण एक बोल्ट पान्यानं तपासला. मी खिडकीतून विचारलं, "ढिल्लं आहे का जी?"

"एक बी न्हाय," ते म्हणाले, आणि थोडे हिरमुसलेच.

आक्का गोठ्याच्या दारात उभी होती. मूठभर बाई, कमरेत वाकलेली, डोक्यावर पोत्याची खोळ.

"तम्मा!" तिनं हाक मारली.

तिकडं कानडीचं वारं लागतं, धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. सगळं उद्यमनगर ज्याला अण्णा म्हणतं तो माणूस इथं कुणाचा तरी तम्मा होता. आणि खरंच, टोपी सावरत तो पोरासारखा पळत गेला.

"आक्का, चल! दारात गाडी आणलीया बघ. पिशवी बांध."

"कुटं?"

"पंचमीला की!"

"आरं येड्या," आक्का म्हणाली, "म्हस आज-उद्या व्यायाची हाय. तिला कुनाच्या जिवावर सोडू?"

पाऊस पडत होता. गोठ्यातून म्हशीनं आमच्याकडं बघितलं. माझ्या डोळ्यांपुढून ते वाकडं चाक गेलं, ते टाके, ती साबणाची बादली, तो सगळा चहा. एवढे बोल्ट आवळले, पण आक्काला विचारायचं राहून गेलं होतं.

मला वाटलं, अण्णा आता चिडतील, नाहीतर खाली बसतील. ते गोठ्यात गेले. म्हशीभोवती एक फेरी मारली. मग दावणीचा खुंटा धरून हलवला.

"खुंटा ढिल्ला हाय," ते म्हणाले. आवाज इतका खाली की म्हशीलाच सांगितल्यासारखा. आणि दगड शोधून खुंटा ठोकत बसले.

आक्कानं मला आत नेलं. "नाव काय तुजं?"

"कुंदा जी."

"आज भावाचा उपास. धरलास?"

"मला भाऊ नाही जी. आणि वाटेत अण्णांनी वडापाव खायला दिला."

"बघा!" आक्का हसली. "माज्या उपासादिशी माजाच भाऊ लोकांस्नी वडं चारतोय." मग चुलीकडं तोंड करून म्हणाली, "त्याला वाटतंय, मी वाट बघती म्हणून त्यो येतोय. बघती की, न्हाई कशाला म्हणू. पर माज्या म्हायेरात आता हाय कोन? आई न्हाई, वैनी न्हाई. मी चार दिस जाती ती त्याच्यापायी. बायको गेल्यापास्नं सणाला घर खाया उठतंय त्याला. बांगड्यांचा आवाज लागतोय. त्यो नसला की मग पाना घिऊन वाजवत हिंडतोय सगळीकडं."

बाहेर खुंट्यावर दगडाचे ठोके पडत होते.

आक्का उठली. फडताळातून हिरव्या बांगड्या काढल्या, पंचमीसाठी स्वतःला आणलेल्या, आणि माझे हात पुढं ओढले. शेडवर मशीनपाशी बांगड्या घालायच्या नाहीत, हा अण्णांचाच नियम; माझे हात कित्येक महिने मोकळे होते. बांगड्या भरल्या, ओटीत तांदूळ-नारळ घातला, आणि माझा दंड धरून ती दारात आली.

"तम्मा, मुराळी मोकळा जातोय व्हय कदी? हिला ने."

अण्णा दगड घेऊन उभे राहिले. "हिला? आगं, ही माझ्याकडं कामाला असती. दोन गल्ल्या सोडून ऱ्हाती."

"मग लांब बी पडायचं न्हाई. हिचं म्हायेर कुटं हाय, इचारलंस कदी?"

"नागपूर."

"भंडारा जी," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "भंडारा," ते म्हणाले. नवीन पाना हातात घेऊन त्याचं वजन बघावं तसं.

परत येताना डांबर लागलं तिथं अण्णांनी भंगारातली चाकं पुन्हा चढवली आणि गाडी हाणली. मी धास्तावलेली. मालकाच्या सणात मी अशी घुसले. आक्का तिकडं राहिली, उद्या काम गेलं तर? कागलचे दिवे दिसले तेव्हा ते म्हणाले, "किती लांब हाय भंडारा?"

"रेल्वेनं एक दिवस आणि वर जी."

"तिकडनं मुराळी?"

"आमच्याकडं मुराळी नसतो जी. जमलं तर जायचं."

"आणि न जमलं तर?"

मी खिडकीबाहेर बघितलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवताना अण्णा एवढंच म्हणाले, "सकाळी तयार ऱ्हा. पिशवी बांध."

मी ते खरं धरलं नाही. पण सकाळी गल्लीत हॉर्न वाजला आणि सगळी दारं उघडली. म्हातारी आमच्या दारात, धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार. अण्णा इस्त्रीच्या शर्टात, डोक्यावर कोरी टोपी. नवरा तोंडात दात घासायचा ब्रश धरून बाहेर आला.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "हिला पंचमीला न्याय आलोय. सांच्याला सोडतो. तुमी बी जेवाय या."

नवऱ्यानं मागं वळून बघितलं, जावईबापू कोण आलेत ते. या गावात त्याला तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी लुगडं बदलेपर्यंत अण्णांनी आमच्या दाराची कडी आवळली. मग गाडी वळायला जागा नव्हती म्हणून उलटी घेत घेत आख्खी गल्ली मागं गेले, आणि पानाला चुना लावेपर्यंत चालत पोचावं एवढ्या अंतरावरच्या माहेरी, मी पिशवी मांडीवर घेऊन निघाले. पानपट्टीवाला बाहेर येऊन बघत राहिला. या वेळी तो काही ओरडला नाही.

घरात मला कशाला हात लावू दिला नाही. माहेरवाशिणीनं बसायचं असतं म्हणे. पुरणाची दिंडं अण्णांनी स्वतः उकडली होती, काटकोन बघायच्या गुण्यानं मापून चौकोनी केलेली, कडा अशा दाबलेल्या की पुरणाला बाहेर पडायची सोय नाही. एक दिंड मोडायला मला दोन्ही हात लावावे लागले. मी काकींच्या फोटोकडं बघत खाल्लं. चारी बोल्ट चकचकीत पुसलेले होते.

"आता शेडमधी ये," ते म्हणाले.

मशीनं सगळी झाकलेली. जड चाकं उचलायच्या वरच्या लोखंडी तुळईला दोन साखळ्या सोडलेल्या, आणि खाली पंचमीचा झोपाळा. बाबूचं ते वाकडं चाक आडवं टांगून त्यावर फळी बसवलेली, फळीवर गोधडी, मागं टेकायला पट्टी. सगळे बोल्ट रिंगांचे उरलेले.

"आक्कासाठी केलंवतं," अण्णा म्हणाले. "बस."

आक्काचे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा तिला पाय टेकून बसता-उठता यावं अशा उंचीवर त्यांनी तो केला असणार. मी बसले तर माझे पाय जमिनीला लागले नाहीत. हवे तेवढे अधांतरी राहिले. साखळीकडं बघितलं तेव्हा दिसलं, बोल्ट आता वरच्या कड्यांत होते आणि खालच्या कड्यांवर ते सोडल्याचे ताजे ओरखडे होते. आज सकाळी, मला आणायला यायच्या आधी, कुणीतरी तो सोडून माझ्या मापानं परत बांधला होता.

अण्णा तुळईखाली पाना घेऊन, कान वर करून उभे राहिले.

"ढिल्लं वाटलं तर सांग, भंडारा."

मी पाय मारला. शाळा सुटली त्या वर्षापासून मी झोका घेतला नव्हता. पहिल्या झोक्याला मी डोळे मिटले, दुसऱ्याला उघडले. वर काहीच करकरलं नाही. बंद शेडमध्ये पत्र्याखाली नुसत्या आक्काच्या बांगड्या वाजत होत्या, पुढं जाताना एकदा, मागं येताना एकदा.

अण्णा बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी पाना खिशात ठेवला.